सोलापुरातून जीवशास्त्र-वैद्यकीय प्रयोगशाळेत संशोधन-कर्मचारी म्हणून काम कसे मिळवावे

एम.एस्सी.चा शेवटचा निकाल हाती आला की सोलापुरातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे ठरलेल्या वाटा असतात. कोणी तासिका तत्त्वावर शिकवायला लागतो, कोणी चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात चिकटतो, तर कोणी अभ्यासिकेत जागा धरून स्पर्धा परीक्षांच्या मागे लागतो. विद्यापीठाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पगार घेऊन संशोधनाचे काम करता येते, हे ऐकून सगळ्यांना माहीत असते. ते मिळते कसे, हे सांगणारा माणूस मात्र सहसा भेटत नाही. मी पुण्यात आणि नंतर सोलापुरात अशा प्रकल्पांवर काही वर्षे काम केले आहे, आणि दरवर्षी जून-जुलैमध्ये मला तेच तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. या नोकऱ्यांपैकी फार थोड्या संस्थेच्या असतात. बहुतेक प्रकल्पाच्या असतात. एखाद्या प्राध्यापकाने किंवा डॉक्टरने केंद्र सरकारच्या एखाद्या विभागाकडे संशोधनाचा प्रस्ताव पाठवलेला असतो, तो मंजूर होतो, मंजुरी आदेशात रसायने, उपकरणे, प्रवास आणि मनुष्यबळ अशा शीर्षकांखाली रक्कम येते, आणि त्यातील मनुष्यबळाच्या रकमेतून एक-दोन माणसे नेमली जातात. प्रकल्प साधारण तीन वर्षांचा असतो, तो संपला की पदही संपते. त्यामुळे आपल्याकडे रूढ असलेली ‘भरती निघेल तेव्हा अर्ज करू’ ही पद्धत येथे अर्धवटच उपयोगी पडते. पैसा कुठे मंजूर झाला आहे हे ज्याला जाहिरातीच्या आधी कळते, त्याची तयारी जाहिरात येईपर्यंत झालेली असते.

पदांची नावे आणि त्यांच्यामागचे आकडे

जाहिरात वाचताना नवखा माणूस पदांच्या नावांत अडकतो. ज्युनिअर रिसर्च फेलो, प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट, यंग प्रोफेशनल, फील्ड वर्कर ही नावे वेगवेगळ्या निधी देणाऱ्या संस्थांच्या नियमांतून आलेली आहेत, आणि नावावरून निधी कोणाचा आहे याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने जून २०२३ मध्ये काढलेल्या आदेशानुसार ज्युनिअर रिसर्च फेलोला दरमहा ३७,००० रुपये, सीनिअर रिसर्च फेलोला ४२,००० रुपये आणि पीएच.डी.नंतरच्या रिसर्च असोसिएटला ५८,००० रुपयांपासून पुढे मिळतात, आणि हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. घरभाडे भत्ता याशिवाय असतो. फेलोचे पद नेट किंवा गेट यांसारखी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असलेल्यांसाठीच असते. प्रोजेक्ट असोसिएट-१ या पदावर मात्र दोन्ही प्रकारचे उमेदवार घेतले जातात आणि त्यांच्या पगारात फरक असतो: नेट किंवा गेट असलेल्याला ३७,०००, नसलेल्याला ३०,०००. काम तेच, टेबलही शेजारचे, आणि महिन्याला सात हजारांचे अंतर. सेट ही राज्यस्तरीय परीक्षा असून ती सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी आहे. तिच्या जोरावर फेलोचा दर मिळेल, या भरवशावर कोणी राहू नये.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या प्रकल्पांत नावे वेगळी आहेत. प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-१ ला १८,०००, २ ला २०,००० आणि ३ ला २८,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता असतो. तिसऱ्या पायरीसाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी, किंवा पदवी आणि त्यानंतरचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर डीएमएलटीसारखी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका आणि अनुभव असलेल्यांनाही वाव असतो. प्रथम श्रेणीतील पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी त्याच्या वर प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट-१ हे पद आहे आणि वैद्यकीय पदवी नसलेल्या उमेदवाराला त्यात ५६,००० रुपये मिळतात. साहजिकच तिथे स्पर्धा तीव्र असते.

जाहिरातीत जुना दर दिसला तर लगेच फसवणूक समजू नये. २०२३ पूर्वी मंजूर झालेल्या प्रकल्पाच्या आदेशात ३१,००० आणि २५,००० असेच आकडे असतात, आणि सुधारित रक्कम मंजूर होऊन येईपर्यंत प्रमुख संशोधकाला तेच द्यावे लागतात. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार बदलतो. पुणे, मुंबई, हैदराबाद ही शहरे ‘एक्स’ वर्गात मोडतात, सोलापूर ‘वाय’ वर्गात. भत्ता ३० आणि २० टक्के धरला तर ३७,००० चे पुण्यात ४८,१०० होतात आणि सोलापुरात ४४,४००. हा साडेतीन-चार हजारांचा फरक पुण्यातील एका खोलीच्या भाड्यापुढे कुठल्या कुठे विरून जातो, हे घर सोडण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे.

आधी पैसा कुठे आहे ते शोधावे

या पायरीवर मी मुद्दाम थांबणार आहे, कारण हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

प्रत्येक मान्यताप्राप्त महाविद्यालय आणि विद्यापीठ नॅकला, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला, दरवर्षी गुणवत्तेचा अहवाल देते आणि तो स्वतःच्या संकेतस्थळावर, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या पानावर ठेवते. त्यातील तिसरा निकष संशोधनाचा असतो. त्यात शासकीय आणि अशासकीय संस्थांकडून मिळालेल्या संशोधन अनुदानाचा तक्ता असतो: प्रकल्पाचे नाव, प्रमुख संशोधकाचे नाव, निधी कोणी दिला, कोणत्या वर्षी, किती रक्कम, किती मुदत. आपल्याला हवी असलेली जवळजवळ सगळी माहिती एका ओळीत मिळते, आणि तरीही हा तक्ता नोकरीसाठी उघडणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला आहे.

तक्ता वाचताना थोडा हिशेब करावा लागतो. सोलापुरात नेट नसलेला एक प्रोजेक्ट असोसिएट ठेवायचा, तर ३०,००० आणि त्यावर २० टक्के घरभाडे मिळून महिन्याला ३६,००० रुपये होतात. तीन वर्षांचे ३६ महिने धरले तर एकट्या पगाराचे १२ लाख ९६ हजार. त्यात रसायने आणि किरकोळ खर्च मिळवला की पंधरा लाखांच्या खालच्या तीन वर्षांच्या प्रकल्पात पूर्णवेळ असोसिएट असण्याची शक्यता कमी आहे, हे उघड होते. विद्यापीठाने स्वतःच्या शिक्षकांना दिलेले एक-दोन लाखांचे प्रारंभिक अनुदान दिसले तर ती ओळ सोडून द्यावी. डीएसटीच्या, म्हणजे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या, ‘फिस्ट’ योजनेची मोठी रक्कम पाहूनही हुरळून जाऊ नये, कारण ती प्रामुख्याने उपकरणे आणि सोयींसाठी असते. त्या पैशातून यंत्र येते, ते चालवणारा माणूस येत नाही. आपले लक्ष एका प्राध्यापकाच्या नावावर, डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), डीएसटी, आयसीएमआर किंवा नव्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडून आलेल्या आणि मुदत अजून शिल्लक असलेल्या ओळींवर हवे. या प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि पूर्वीचे ‘सर्ब’, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, त्यात विलीन झाले, त्यामुळे जुन्या तक्त्यांत ‘सर्ब’ हे नाव दिसेल आणि नव्यांत हे.

वैद्यकीय महाविद्यालयांसाठी दुसरी खिडकी आहे. भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, २००७ पासून चालू आहे आणि कोणालाही विनामूल्य पाहता येते. तिच्या शोधपट्टीत शहराचे नाव टाकून नोंदी चाळल्या की प्रमुख संशोधक, अभ्यासाचे ठिकाण, मुदत, रुग्णभरती सुरू आहे की संपली, हे सगळे दिसते. येथेही एक गाळणी लावावी लागते. एम.डी. करणाऱ्या डॉक्टरांचे प्रबंधही मोठ्या संख्येने नोंदलेले असतात, आणि त्यांच्या आर्थिक साहाय्याच्या रकान्यात ‘स्वखर्च’ असे असते किंवा महाविद्यालयाचेच नाव असते. तिथे पगारी माणूस नेमला जात नाही. ज्या नोंदीत त्या रकान्यात आयसीएमआर, एखादी औषध कंपनी किंवा बाहेरची संस्था आहे, तिथे अभ्यास समन्वयक, परिचारिका किंवा तंत्रज्ञ लागतोच.

संशोधक काय करतो हे कळण्यासाठी पबमेड आणि गूगल स्कॉलर पुरेसे आहेत. इन्फ्लिबनेटचे ‘विद्वान’ हे संकेतस्थळ भारतीय प्राध्यापकांची विषयवार माहिती देते, तर ‘शोधगंगा’वर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचता येतात. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणापेक्षा साहित्य आणि पद्धती हे प्रकरण वाचावे. त्या प्रयोगशाळेत खरोखर कोणती यंत्रे आहेत आणि कोणत्या कामासाठी नमुने बाहेर पाठवावे लागतात, हे त्यातून समजते.

या सगळ्यातून वीस-पंचवीस नावांची एक वही करावी. संगणकावर केली तरी चालेल, पण प्रत्येक नावापुढे प्रकल्प कधी सुरू झाला आणि कधी संपणार हे दोन रकाने हवेतच.

सोलापूर आणि सोलापूरच्या दोन बाजू

शहरातच सुरुवात करायची तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र ही दोन्ही ठिकाणे पुणे रस्त्यावर केगावला आहेत. विद्यापीठ २००४ चे, डाळिंब केंद्र २००५ चे. डाळिंब केंद्र भारतीय कृषी संशोधन परिषदेचे असल्याने तिथे वर सांगितलेल्या नावांबरोबर यंग प्रोफेशनल ही पदे निघतात. डाळिंबावरचा तेल्या हा जीवाणूमुळे होणारा रोग आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. पण त्याच तेल्याच्या झँथोमोनस जीवाणूचे डीएनए काढणे, पीसीआर लावणे (म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवणे), वाणांची प्रतिकारशक्ती तपासणे हे अस्सल सूक्ष्मजीवशास्त्राचे काम आहे, आणि ते शिकलेला माणूस पुढे वैद्यकीय प्रयोगशाळेतही उपयोगी पडतो. ‘मला वैद्यकीयच हवे, शेतीचे नको’ असे म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. पिपेटला विषय कळत नाही.

वैद्यकीय बाजूला १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कुंभारीचे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि जनऔषध (कम्युनिटी मेडिसिन) या विभागांकडे विशेष लक्ष ठेवावे. तिसऱ्या विभागाचे नाव ऐकून जीवशास्त्राचे विद्यार्थी पुढे सरकतात, ही चूक आहे. आयसीएमआरच्या अनुदानाचे अनेक अभ्यास वस्तीत जाऊन करायचे असतात, आणि त्यात घरोघरी जाऊन संमतीपत्र समजावून सांगणारा, रक्ताचा नमुना शीतपेटीत घालून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवणारा आणि संध्याकाळी नोंदी संगणकावर भरणारा माणूस हा अभ्यासाचा कणा असतो.

येथे सोलापूरकराकडे एक गोष्ट जन्मतः असते जिचा तो बायोडेटात उल्लेखही करत नाही. पूर्व भागातील विडी कामगार महिलेला किंवा यंत्रमागावरच्या कामगाराला संशोधनाचे संमतीपत्र मराठीत वाचून दाखवले, तर तो मान डोलावतो. तेलुगूत समजावले तर प्रश्न विचारतो. अक्कलकोटच्या बाजूला कन्नडचे तसेच. संमती खरी असायची तर ती माणसाच्या भाषेत घ्यावी लागते, हे नैतिकता समितीही पाहते. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, तर ती भाषा बायोडेटाच्या तळाशी छंदांशेजारी ठेवू नका. कौशल्यांच्या पहिल्या दोन ओळींत लिहा.

सोलापूर मध्यावर असल्याचा फायदाही घ्यावा. पश्चिमेला पुणे आहे: विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, पाषाणची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आघारकर संशोधन संस्था. पूर्वेला जवळपास तितक्याच तासांवर हैदराबाद आहे, आणि तिथे कोशिकीय व आण्विक जीवशास्त्र केंद्र, म्हणजे सीसीएमबी, राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. आपली मुले पुण्याच्या पलीकडे पाहत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. नागपूर किंवा संभाजीनगरच्या मुलापेक्षा सोलापूरच्या मुलाला हैदराबाद कितीतरी जवळचे आहे.

जाहिराती कुठे पाहाव्यात

प्रकल्पाच्या पदांची जाहिरात वर्तमानपत्रात येईलच असे नाही. ती बहुधा संस्थेच्या संकेतस्थळावर ‘प्रकल्प पदे’ किंवा ‘तात्पुरती पदे’ अशा कोपऱ्यात येते आणि दोन-तीन आठवड्यांत संपते. वहीतील संस्थांची ती पाने दर सोमवारी उघडावीत. इंडियाबायोसायन्सच्या संकेतस्थळावर जीवशास्त्राच्या जाहिराती एकत्र मिळतात. कायमस्वरूपी तांत्रिक पदे हवी असणाऱ्यांनी सीएसआयआर आणि आयसीएमआरच्या संस्थांतील टेक्निशियन आणि टेक्निकल असिस्टंट यांच्या भरतीकडे लक्ष ठेवावे; ती परीक्षेने होते आणि तिची तयारी वेगळी असते, म्हणून येथे तिच्यात शिरत नाही.

नोकरीसाठी किंवा ‘प्रशिक्षणानंतर हमखास निवड’ यासाठी पैसे मागणारी जाहिरात असेल, तर ती संशोधन प्रकल्पाची नाही असे समजून बाजूला ठेवावी. काही केंद्रीय संस्था कायम पदांच्या अर्जाला शुल्क घेतात, ते वेगळे. ते संस्थेच्या खात्यावर, पावतीसह भरले जाते.

पत्र आणि बायोडेटा

जाहिरातीची वाट न पाहता संशोधकाला ई-मेल लिहिणे या क्षेत्रात गैर मानले जात नाही. पत्र इंग्रजीत लिहावे लागते, आणि आपल्याकडचा बराचसा घोटाळा तिथेच होतो. मला दाखवायला आणलेल्या पत्रांत पहिला परिच्छेद बहुधा असा असतो की, अर्जदार मेहनती आहे, प्रामाणिक आहे, त्याला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे आणि या नामांकित संस्थेत संधी मिळाली तर तो संधीचे सोने करील. हे पत्र ‘नामांकित संस्था’ हे दोन शब्दसुद्धा न बदलता पन्नास जणांना गेलेले असते, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळते.

चालणारे पत्र आठ-दहा ओळींचे असते. पहिल्या वाक्यात आपण कोण, कोणत्या विद्यापीठातून कोणत्या वर्षी कोणती पदवी घेतली, हे. दुसऱ्यात त्यांचा कोणता प्रकल्प किंवा शोधनिबंध पाहून लिहीत आहोत, हे. येथे वहीतील नोंद कामाला येते. मग आपण स्वतःच्या हाताने काय केले आहे, हे आकड्यानिशी लिहावे. ‘पीसीआर येते’ यापेक्षा ‘एम.एस्सी.च्या प्रकल्पात मातीच्या १८ नमुन्यांतून जीवाणू वेगळे केले आणि त्यांपैकी सहांची १६-एस जनुकावरून ओळख पटवली’ हे वाक्य दहापट बोलते. जे फक्त प्रात्यक्षिकात दुसऱ्याला करताना पाहिले आहे, ते ‘पाहिले आहे’ असेच लिहावे. शेवटी कधीपासून रुजू होऊ शकतो आणि नेट किंवा गेटची स्थिती काय, हे एका वाक्यात. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि आपली पदवी असावी. ती रिकामी सोडू नये.

उत्तर आले नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करावी, त्यानंतर नाही. ‘सध्या जागा नाही’ असे उत्तर आले, तर तो नकार म्हणून खोडून न टाकता वहीत तारखेसह लिहावा, कारण उत्तर देणारा संशोधक पुढच्या मंजुरीच्या वेळी ते पत्र शोधतो. माझे दुसरे काम मला असेच, सात महिन्यांपूर्वीच्या ‘जागा नाही’ मधून मिळाले.

बायोडेटा दोन पानांचा पुरे. त्यात वडिलांचे नाव, धर्म, छंद आणि ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र यांपैकी काही लागत नाही. संस्थेच्या ठरावीक अर्जात विचारले असेल तरच भरावे. दोन संदर्भदात्यांची नावे द्यावीत, पण त्यांना आधी विचारून. एकदा एका संशोधकाने संदर्भ म्हणून दिलेल्या प्राध्यापकांना माझ्या समोर फोन लावला आणि त्यांना उमेदवाराचे नावच आठवेना. त्या मुलीचे काम चांगले होते. तिने सरांना कळवले असते तर पुरले असते.

कागदपत्रे

ही बाब कंटाळवाणी आहे, पण निवड झालेली माणसे येथे अडकतात. केंद्रीय संस्थेत ओबीसीची वयोमर्यादेतील सवलत हवी असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातील नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातील लागते, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यात विजाभज किंवा विमाप्र म्हणून नोंद असलेल्यांनी केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात कोणत्या नावाने आहे, हे आत्ताच तपासून अर्ज करून ठेवावा. मुलाखतीचे पत्र आल्यावर तहसीलमध्ये धावपळ केली तर प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत तारीख निघून जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत जवळ ठेवावी. अनुभव पदवीच्या निकालाच्या तारखेनंतरचाच मोजला जातो, त्यामुळे शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेवर तारीख स्पष्ट दिसेल अशी प्रत काढावी.

मुलाखतीचा दिवस

वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायच्या, मुलाखतीची नोंदणी अनेकदा सकाळी नऊ ते दहा या वेळात होते. सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूरहून सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला साडेदहाच्या आसपास पोहोचते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आदल्या दिवशी जाणे का आवश्यक आहे, ते वेगळे सांगायला नको. प्रवासखर्च मिळत नाही. दुसरे असे की, काही संस्थांची एकाच शहरात दोन आवारे असतात. मी एकदा एका आवाराच्या दारात फाइल घेऊन उभा होतो आणि माझी मुलाखत शहराच्या दुसऱ्या टोकाला चालू होती. पत्त्याची शेवटची ओळ मी तेव्हापासून दोनदा वाचतो.

मुलाखतीत काय विचारतात, याबद्दल उगाच भीती पसरलेली आहे. नोबेल कोणाला मिळाले, हे फारसे कोणी विचारत नाही. समोर बसलेल्या संशोधकाला एकच जाणून घ्यायचे असते: हा माणूस उद्या माझ्या टेबलावर बसला तर रसायन वाया घालवील की काम करील? म्हणून प्रश्न बहुधा साधे आणि हाताचे असतात.

उदाहरणार्थ, ‘५० एक्स टीएई बफर आहे, मला ५०० मिलिलिटर १ एक्स करून द्या.’ ५० एक्स म्हणजे वापरायच्या द्रावणाच्या ५० पट तीव्र, म्हणून उत्तर १० मिलिलिटर बफर आणि ४९० मिलिलिटर पाणी. हे तोंडी, न अडखळता यायला हवे. पुढचा प्रश्न असा येतो: ‘१ मोलर ट्रिस, पीएच ८, १०० मिलिलिटर.’ ट्रिसचा रेणुभार १२१.१४, म्हणजे सुमारे १२.१ ग्रॅम; येथपर्यंत बहुतेक जण पोहोचतात आणि मग ‘१०० मिलिलिटर पाण्यात विरघळवतो’ असे म्हणून फसतात. ट्रिस आधी साधारण ८० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचे, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच आणायचा, आणि मग मोजपात्रात १०० पर्यंत पाणी घालायचे. हा क्रम ज्याने स्वतः केला आहे तो चुकत नाही, आणि ज्याने केला नाही त्याला तो पाठ करूनही आठवत नाही. परीक्षकांना हा प्रश्न म्हणूनच आवडतो.

अशाच धर्तीवर: पृष्ठभाग पुसायला अल्कोहोल ७० टक्केच का, शंभर का नाही? प्रथिनांची रचना मोडायला पाणी लागते आणि शुद्ध अल्कोहोल फार लवकर उडून जाते. चोवीस नमुन्यांच्या पीसीआरसाठी मास्टर मिक्स, म्हणजे सगळ्या नळ्यांसाठी एकत्र केलेले मिश्रण, किती नमुन्यांचे करणार? पिपेटमध्ये थोडे राहतेच, म्हणून सव्वीसचे. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे डीएनए न घातलेल्या नळीत, डीएनएची पट्टी आली तर? येथे ‘परत करून पाहतो’ एवढे पुरत नाही. त्या खेपेचे निकाल वापरणार नाही, पाणी आणि प्रायमर यांच्या नव्या नळ्या उघडीन, पिपेट आणि टेबल स्वच्छ करीन आणि मग पुन्हा लावीन, असे सांगावे. ही चूक लपवण्याची माणसाची इच्छा किती आहे, तेच त्या प्रश्नातून तपासले जात असते. एखादी गोष्ट येत नसेल, तर ‘केलेले नाही, पण त्याचे तत्त्व असे आहे’ हे उत्तर चालते.

वैद्यकीय अभ्यासांच्या मुलाखतीत संमतीपत्र, रुग्णाच्या माहितीची गुप्तता आणि नमुन्यांची साखळी यांवर प्रश्न येतात. उत्तम वैद्यकीय चाचणी पद्धतींचे, म्हणजे जीसीपीचे, विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र बरोबर नेले, तर डीएमएलटीवाल्या आणि एम.एस्सी.वाल्या दोघांनाही ते उपयोगी पडते.

रुजू होण्यापूर्वी काय विचारावे

निवड झाल्याच्या आनंदात कोणी काही विचारत नाही, आणि मग सहा महिन्यांनी पस्तावतात. प्रकल्पाची किती मुदत शिल्लक आहे, हे पहिले विचारावे. तीन वर्षांचा म्हणून जाहिरात केलेल्या प्रकल्पाचे कधी कधी अकराच महिने उरलेले असतात. दुसरे, अनुदानाचा चालू वर्षाचा हप्ता आला आहे का? पैसे हप्त्यांनी येतात, आणि पुढचा हप्ता मागच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र व लेखा-विवरण गेल्यावरच सुटतो. मार्च अखेरीस कागद अडकला की एप्रिल ते जुलै पगार नाही, असे घडते. माझे एका ठिकाणी चार महिन्यांचे पैसे एकदम ऑगस्टमध्ये आले. तोवर खोलीचे भाडे गावाकडून मागवावे लागले. त्यात कोणाची लबाडी नव्हती, पण मला ते आधी माहीत असते तर मी तीन महिन्यांची पुंजी बांधूनच गेलो असतो. पहिल्यांदा बाहेरगावी रुजू होणाऱ्याने तेवढी सोय करून जावे.

पीएच.डी. करायची असेल तर या पदावर राहून नोंदणी करता येईल का, मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हेही स्पष्ट विचारावे. ‘बघू पुढे’ हे उत्तर नाही असेच धरावे. रुग्णांच्या रक्ताशी काम असेल तर हेपेटायटिस-बी ची लस घेऊन जावे, आणि सुई टोचल्यास काय करायचे याची व्यवस्था विभागात आहे का, ते विचारायला संकोच करू नये. ‘आधी तीन महिने बिनपगारी या, मग बघू’ असा प्रस्ताव आला, तर मी एक महिन्यापेक्षा जास्त काळ कोणाला थांबू देत नाही, आणि तोही शिकण्यासारखे ठोस काही असेल तरच.

नेमणुकीचे पत्र हाती घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. त्या पत्रावर प्रकल्पाचा मंजुरी क्रमांक, पदाचे नेमके नाव, दरमहा रक्कम आणि मुदत असावी. काम सोडताना अनुभव प्रमाणपत्र घ्यायचे ते याच चार गोष्टींसह, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख घालून, संस्थेच्या पत्रशीर्षावर आणि जावक क्रमांक टाकून. केवळ संशोधकाच्या सहीचे साधे पत्र पुढच्या संस्थेच्या छाननीत बाद होऊ शकते, आणि तोवर प्रकल्प बंद झालेला, संशोधक बदलून गेलेला, आणि जुन्या विभागात आपल्याला ओळखणारा फक्त शिपाई उरलेला असतो. म्हणून ना-देय दाखल्याच्या दिवशीच, लॅबची वही आणि फ्रीजरच्या किल्ल्या परत करतानाच, ते प्रमाणपत्र तीन प्रतींत घेऊन बाहेर पडावे.